झाकण कोणी उडवलं?

२१ जुलै १९६१ रोजी अमेरिकी अंतराळवीर गस ग्रिसम यांची अवकाशकुपी अटलांटिक महासागरात उतरली. पंधरा मिनिटं सदतीस सेकंदांचं उड्डाण ठरल्याप्रमाणे पार पडलं होतं आणि उचलून नेणारं हेलिकॉप्टर डोक्यावर आलं होतं. तेवढ्यात कुपीचं झाकण उडालं. सुटकेसाठी ते स्फोटानं उडावं अशी सोय त्यात होतीच, पण आत्ता ती वेळ नव्हती. भसाभस पाणी आत शिरलं. ग्रिसम कसेबसे बाहेर पडले. पोशाखाची हवेची झडप उघडी राहिल्यानं त्यातही पाणी भरू लागलं आणि ते बुडता बुडता वाचले. ‘लिबर्टी बेल ७’ ही त्यांची कुपी तळाशी गेली. मी झाकणाला हात लावला नाही, असं ग्रिसम शेवटपर्यंत सांगत राहिले.

१९८३ मध्ये फिलिप कॉफमन यांचा ‘द राइट स्टफ’ आला. टॉम वुल्फ यांच्या १९७९ च्या पुस्तकावर बेतलेला हा चित्रपट फार देखणा आहे आणि त्याला चार ऑस्कर मिळाली. पण त्यातला ग्रिसम कुपीत कावराबावरा झालेला दिसतो. यानं घाबरून झाकण उडवलं, असं चित्रपट थेट म्हणत नाही, सुचवतो मात्र नक्की. प्रेक्षक तेवढंच लक्षात ठेवून घरी जातो.

खरी हकीगत वेगळं सांगते. झाकण हातानं उडवायचं तर आतली कळ जोरात दाबावी लागे आणि ती उलटा दणका देई. ऑक्टोबर १९६२ मध्ये दुसरे अंतराळवीर वॉली शिरा यांनी उड्डाणानंतर जहाजाच्या डेकवर पोचल्यावर मुद्दाम तसं केलं, तेव्हा त्यांचा हात दुखावला. ग्रिसम यांच्या हातावर तशी खूण नव्हती. चौकशीतही त्यांच्यावर ठपका आला नाही. उलट, १९६५ मध्ये जेमिनीच्या पहिल्या समानव उड्डाणाचं नेतृत्व नासानं त्यांनाच दिलं आणि पुढे पहिल्या अपोलोचंही. ज्याच्या धीराबद्दल शंका आहे अशा माणसाला कोणी या जागा देत नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी चाचणी चालू असताना त्या अपोलो यानात आग लागली. त्याचं झाकण आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि आत दाब वाढल्यावर ते उघडेना. ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी तिघेही गेले. चित्रपट आला तेव्हा उत्तर द्यायला ग्रिसम नव्हते.

अंतराळवीरांवरच्या चित्रपटांतल्या चुका मी बरीच वर्षं टिपत आलो आहे. त्यातल्या बहुतेकांकडे मी प्रेमानं पाहतो. रॉन हॉवर्ड यांच्या ‘अपोलो १३’ (१९९५) मध्ये १९७० सालच्या गोष्टीत नासाचं ते वळणदार लाल अक्षरांचं बोधचिन्ह दिसतं. ते आलं १९७५ मध्ये. सॅटर्न रॉकेटला जोडलेले मनोऱ्याचे हात उड्डाणाच्या क्षणी एकामागोमाग एक बाजूला होतात. प्रत्यक्षात ते एकदमच मागे जात. अशा चुकांनी कोणाचं काही बिघडत नाही. ज्या चित्रपटानं भारहीनतेची दृश्यं खरोखर विमानात, खरोखर तरंगत चित्रित केली, त्याला एवढं माफ करावं.

त्या चित्रपटातल्या शब्दांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ह्यूस्टनला अडचण कळवणारं ते जगप्रसिद्ध वाक्य आधी यानातल्या जॅक स्वायगर्ट यांनी उच्चारलं, मग जिम लॉव्हेल यांनी पुन्हा सांगितलं, आणि दोघांनीही ते भूतकाळात सांगितलं होतं. पडद्यावर ते एकट्या लॉव्हेलच्या तोंडी आणि वर्तमानकाळात आलं. अपयशाला वावच नाही, हे उड्डाण-संचालक जीन क्रान्झ यांच्या नावावर जमा झालेलं वाक्य तर पटकथेसाठी घडवलेलं आहे. पुढे क्रान्झ यांनी स्वतःच्या आत्मचरित्राला तेच नाव दिलं! स्वायगर्ट आणि फ्रेड हेज यांचं यानातलं भांडण मात्र मला खटकतं. ते झालंच नव्हतं. १९८२ मध्ये निवर्तलेल्या स्वायगर्ट यांच्यावर त्यामुळे विनाकारण अविश्वासाची सावली पडते.

‘हिडन फिगर्स’ (२०१६) मधली चूक उलट्या दिशेची आहे. नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन स्वच्छतागृहासाठी दूरच्या इमारतीपर्यंत धावतात आणि शेवटी त्यांचा गोरा साहेब भेदभावाची पाटी फोडतो. तो साहेब काल्पनिक आहे. जॉन्सन यांनी तो भेद मुळात मानलाच नव्हता. जवळचं स्वच्छतागृहच त्या वापरत राहिल्या. तसा त्रास सोसला तो त्यांच्या सहकारी मेरी जॅक्सन यांनी. दुसऱ्या सहकारी डोरोथी वॉन १९४९ पासून पर्यवेक्षक होत्या. चित्रपटात त्या १९६१ मध्येही त्या पदासाठी झगडताना दिसतात. या बायकांनी स्वतः मिळवलेलं धैर्य उचलून एका काल्पनिक पुरुषाच्या हातात द्यायची काय गरज होती? अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी आपल्या उड्डाणाआधी आकडे जॉन्सन यांच्याकडूनच तपासून मागितले होते, हे मात्र शंभर टक्के खरं आहे. फक्त ते काम ऐन प्रक्षेपणाच्या घाईत नव्हे, त्याआधी झालं.

‘फर्स्ट मॅन’ (२०१८) मध्ये नील आर्मस्ट्राँग लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलीचं, कॅरेनचं, कडं चंद्रावरच्या विवरात सोडतात. त्याला पुरावा नाही. तरी मी त्या दृश्याच्या बाजूनं आहे. आर्मस्ट्राँग खरोखरच त्या विवरापर्यंत एकटे गेले होते आणि मुलीचं दुःखही खरं होतं. तिथे कल्पनेनं माणसाचा मोठेपणा कमी केला नाही.

चुकीचा रंग, चुकीचं साल, चुकीचं बोधचिन्ह पुढच्या चित्रपटात दुरुस्त होतं. माणसावर टाकलेला डाग तसा पुसता येत नाही. ग्रिसम यांच्या बाबतीत तो पुसायला समुद्राच्या तळाशी जावं लागलं. जुलै १९९९ मध्ये कर्ट न्यूपोर्ट यांच्या मोहिमेनं साडेचार किलोमीटरहून जास्त खोलीवरून ‘लिबर्टी बेल ७’ वर काढली. आज ती कॅन्ससमधल्या हचिन्सन इथल्या कॉस्मोस्फिअर संग्रहालयाची आहे. झाकण मात्र सापडलेलं नाही.