सारख्याच दोन वस्त्या आणि एक घर
(बी. कॉम. भाग २)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर बांधताना किती त्रास होतो, ते ही म्हण सांगते. घर कोठे घ्यावे, हे मात्र ती सांगत नाही. एक वस्ती चांगली व दुसरी वाईट असेल तर प्रश्नच उरत नाही. खरी पंचाईत होते ती दोन वस्त्या अगदी सारख्या दिसतात तेव्हा. अशाच एका पंचाइतीतून मी जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझे आजोळ लांजीचे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात हे तहसिलीचे गाव आहे. जुना किल्ला आणि लांजकाई देवीचे देऊळ ही तेथील ओळख. पलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच वेळी विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला आणि बालाघाट मागे राहिला. म्हणून आम्ही बेळगावकर कन्नड बोलतो, मराठी बोलतो, तसे माझे मामा हिंदीही बोलतात आणि मराठीही.

मामा शिक्षक म्हणून निवृत्त झाले. फंडाचे पैसे हाती आले आणि स्वतःचे घर घेण्याचे ठरले. गावाबाहेर दोन नव्या वस्त्या झाल्या आहेत, एक आमगावच्या रस्त्याला आणि दुसरी बालाघाटच्या रस्त्याला. दोन्हीकडे तयार घरे होती. तीच दोन खोल्या-स्वयंपाकघराची मांडणी, तेवढेच अंगण, आणि किमतीत फरक अवघा पंचवीस हजारांचा. मामांनी फोनवर विचारले, "तू कॉमर्स शिकतोस ना? मग सांग, कोणते घ्यावे?" दिवाळीच्या सुट्टीत मी लांजीला गेलो तो मोठ्या ऐटीत, वही आणि पट्टी घेऊन.

मी एक तक्ता केला. शंभर गुण वाटून दिले : किमतीला तीस, पाण्याला पंचवीस, बाजार व दवाखान्याच्या अंतराला वीस, रस्ता व गटार यांना पंधरा, शेजाराला दहा. मग दोन्ही वस्त्यांत फिरून, लोकांना विचारून गुण भरले. ते भरताना काही गोष्टी ध्यानात आल्या. त्या कोणत्याही गावी उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट अंतराची. अंतर किलोमीटरांत न मोजता मिनिटांत मोजावे, आणि ज्याला चालायचे आहे त्याच्या पायांनी मोजावे. टिळकवाडीतील रेल्वे फाटके आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. फाटकाच्या अलीकडचे व पलीकडचे घर नकाशावर शेजारी दिसते, पण फाटक पडले की कॉलेजची पहिली तासिका चुकते. लांजीला फाटक नाही, परंतु मामींचे गुडघे दुखतात. आमगाव रस्त्यावरून बाजार त्यांना सात मिनिटांवर होता, बालाघाट रस्त्यावरून वीस मिनिटांवर.

दुसरी गोष्ट पाण्याची. दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात, म्हणून पाण्याची चौकशी 'मे महिन्यात काय होते?' अशी करावी, आणि ती विकणाऱ्यापाशी न करता तेथे दोन उन्हाळे काढलेल्या गृहिणीपाशी करावी. वस्तीच्या नावावरूनही पाणी ठरत नाही. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा येथील काही निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याची प्रायोगिक योजना सुरू झाली. तेव्हा त्या भागात घर असणाऱ्याच्या नळाला दिवसभर पाणी आणि त्या भागाच्या बाहेर राहणाऱ्याला पिंप भरून ठेवण्याची काळजी, असे एकाच शहरात झाले. घरे मात्र सारखीच होती.

तिसरी गोष्ट जमिनीच्या उताराची. बालाघाट-गोंदिया हा धानाचा मुलूख. धानाच्या शेताला तिकडे बांधी म्हणतात. चारी बाजूंनी बांध घालून पाणी साठावे अशीच तिची घडण असते. अशी बांधी मुरूम टाकून बुजवली आणि तिच्यावर घरे बांधली, तरी पावसाचे पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. आमगाव रस्त्याच्या वस्तीत दोन-तीन घरांच्या भिंतींवर हातभर उंचीपर्यंत ओल चढलेली मी पाहिली. म्हणून रस्ता व गटार यांत त्या वस्तीला पंधरांपैकी नऊच गुण दिले.

शेवटी बेरीज केली. आमगाव रस्ता पंच्याहत्तर, बालाघाट रस्ता एकाहत्तर. मी तक्ता मामांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "बरा केला आहेस. पण जमीन कोणाची होती, त्याला किती गुण?"

तो रकाना मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जमिनीची कागदपत्रे पाहिली. आपण ज्याला सातबारा किंवा उतारा म्हणतो, आपले कन्नड मित्र ज्याला पहणी म्हणतात, त्याच जातीच्या कागदाला मध्य प्रदेशात खसरा म्हणतात. आपल्याकडील एन. ए. म्हणजे तिकडचे 'डायव्हर्शन'. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तेथे पूर्वीसारखी परवानगी मागावी लागत नाही. भूमिस्वामीने स्वतः आकारणी करून ती रक्कम भरावयाची व तशी सूचना द्यावयाची असते. बालाघाट रस्त्याच्या जमिनीचे हे सर्व कागद नीट होते. आमगाव रस्त्याच्या जमिनीच्या जुन्या नोंदीत मात्र एका गोंड शेतकऱ्याचे नाव निघाले.

येथे कायदा थोडा समजून घेतला पाहिजे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. काही अधिसूचित भागांत तर अशी विक्री होऊच शकत नाही. १९८० साली घातलेल्या कलम १७०-ब खाली जुने व्यवहार तपासून जमीन मूळ धारकाला परत देण्याचीही तरतूद आहे. हे काही एकट्या मध्य प्रदेशातच आहे असे नाही. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींच्या विक्रीवर १९७८ च्या कायद्याने निर्बंध आहेत, आणि २०२३ च्या दुरुस्तीने अशी जमीन परत मागण्याला मुदतीची आडकाठी राहिलेली नाही.

विकणाऱ्याला आम्ही परवानगीचा कागद मागितला. तो म्हणाला, "रजिस्ट्री करून देतो ना! इथे सगळ्यांनी अशीच घेतली आहेत." आपल्यापैकी पुष्कळांचा समज असाच असतो की, रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की झाली. वस्तुतः १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याची मालकी खरी आहे की नाही, याची हमी त्या नोंदीतून मिळत नाही. जे विकणाऱ्याचे नाही, ते विकत घेणाऱ्याचे होत नाही. नुसत्या करारनाम्यावर किंवा मुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराची स्थिती तर आणखी कच्ची. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

त्या गोंड शेतकऱ्याच्या घरची माणसे आता कोठे आहेत, असे मामांनी विचारले. विकणाऱ्याला ते सांगता आले नाही. परत येताना मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. आता दुसऱ्याच्या बांधीवर झोपायचे का?"

माझी चूक कोठे झाली, ते मला त्या वेळी कळले. आपल्या परीक्षेत एकूण टक्के कितीही असोत, एका विषयात नापास झाले की निकाल नापासच लागतो. घराचेही तसेच आहे. किंमत, अंतर, शेजार हे गुण देण्याचे विषय आहेत. एकात कमी पडले तर दुसऱ्यात भरून निघते. दूरच्या बाजाराला रिक्षा करता येते, अंगणात झाड लावता येते, शेजाऱ्याशी गोडीने वागता येते. पण जमिनीची मालकी हा विषय उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढाच आहे. त्यात कमी पडलेले घर बाकीच्या पंच्याहत्तर गुणांनी तरत नाही. तेव्हा आधी हे अनिवार्य विषय तपासावे, आणि दोन्ही वस्त्या त्यांत उत्तीर्ण झाल्या तरच तक्ता करावयास बसावे. माझा क्रम उलटा होता.

ज्यांच्या घरी सध्या हाच विचार चालू असेल, त्यांनी इतके करावे : जुन्या नोंदी वकिलाकडून पाहून घ्याव्यात. जमीन शेतीची असेल तर ती बिगरशेती झाली आहे काय, ते पाहावे. प्रकल्प पाचशे चौरस मीटरांहून अधिक जागेचा असेल आणि विक्री चालू असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय, ते विचारावे. 'सगळ्यांनी घेतले आहे' हे उत्तर कधीही पुरावा म्हणून स्वीकारू नये. आमगाव रस्त्याच्या वस्तीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हांला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवताना हळूच म्हटले, "आम्ही विचारलेच नाही हो." त्यांचीही आयुष्याची पुंजी त्या भिंतींत आहे.

मामांनी बालाघाट रस्त्याचे घर घेतले, पंचवीस हजार जास्त देऊन. मामींना बाजार दूर पडतो आणि त्या मला प्रत्येक फोनवर तसे ऐकवतात : "बाबू, तुझ्या हिशेबानं माझे पाय दुखतात." हिशेब माझा नव्हता, मामांचा होता, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.