पारंपरिक शेतीतील स्त्रीचे स्थान : मांडवगण फराटा परिसराच्या संदर्भात

शेतीचा शोध स्त्रीने लावला असावा, असे समाजशास्त्राच्या वर्गात नेहमी सांगितले जाते. त्या शेतीच्या दप्तरात स्त्री कोठे आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे मांडवगण फराटा आणि नदीपलीकडील दौंड तालुक्यातील गावे हा मुळात पर्जन्यछायेचा प्रदेश होय. खरिपात बाजरी व रब्बीत ज्वारी ही येथील जिराईत शेतीची जुनी घडी. या घडीत स्त्रीचे श्रम कोठे होते व त्यांचे मोल कसे ठरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नांगरणी, कुळवणी व मोट हाकणे ही बैलांशी निगडित कामे पुरुषांची मानली जात. पेरणीच्या वेळी पाभर पुरुष हाकी, परंतु तिच्यामागे चालून चाड्यावर मूठ धरण्याचे काम अनेक घरांत स्त्री करी. दाणा दाट पडावा की पातळ, हे त्या मुठीवर ठरे. पुढे खुरपणी, काढणी, खळ्यावरील झाडलोट, उफणणीच्या वेळी पाट्या भरून देणे, गोठा व दूधदुभते हे सर्व तिच्याकडेच असे. दिवसांचा हिशेब केला तर पिकाजवळ अधिक काळ स्त्रीच असे. तरीही शेतकरी म्हणून ओळख मिळे ती नांगर धरणाऱ्याला. नांगराला स्त्रीचा हात लागू नये, हा भारताच्या अनेक भागांत आढळणारा संकेत या दृष्टीने केवळ धार्मिक ठरत नाही. जमिनीवरील हक्काची सीमारेषाच त्याने आखून दिली.

ईस्टर बोसरप यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुदळीची शेती व नांगराची शेती असा भेद करून स्त्रीच्या स्थानाची चर्चा केली. नायजेरियातील इग्बो समाज हे कुदळीच्या शेतीचे उदाहरण. तेथे याम हे कंद प्रतिष्ठेचे व पुरुषाचे पीक. त्यातील निंदणी स्त्रीकडे. मात्र अळूवर्गीय कंद आणि पुढे कसावा ही स्त्रीची पिके मानली गेली. त्यांचे उत्पन्न तिच्या हाती राही, त्यातून तिचा बाजार चाले आणि स्त्रियांच्या स्वतंत्र सभाही भरत. स्त्रियांवर कर बसणार या शंकेने 1929 मध्ये आग्नेय नायजेरियातील हजारो स्त्रिया वसाहती सत्तेविरुद्ध उठल्या, त्यामागे हेच संघटन होते. भीमाकाठी विभागणी पिकांची नव्हती, एकाच पिकातील कामांची होती. त्यामुळे स्त्रीचे श्रम घरच्या धान्यात मिसळून गेले व तिचे म्हणून वेगळे उत्पन्न उभे राहिले नाही.

याला एक अंशतः अपवाद होता, आणि तो महत्त्वाचा आहे. बाजरीत तूर, मटकी, हुलगा, तीळ, अंबाडी अशी पिके मिसळून घेतली जात. ती एकाच वेळी तयार होत नसल्याने त्यांची तोडणी-वेचणी स्त्रियाच करीत आणि घरची डाळ, तेल, भाजी यांचा मेळ त्यातून घातला जाई. बियाण्याचे ज्ञानही तिचेच. खळ्यावरून भरदार कणसे निवडणे, दाणे राखेत घोळणे, कडुनिंबाचा पाला घालणे, उतरंडीतील कोणत्या मडक्यात काय आहे हे ध्यानात ठेवणे या गोष्टी सासूकडून सुनेकडे जात. पुढच्या वर्षाची पेरणी या मडक्यांवर अवलंबून असल्याने घरात तिच्या शब्दाला वजन असे. ते कागदावर आले नाही, हे खरे. परंतु ते होते.

1965 मध्ये संकरित बाजरीचा पहिला वाण प्रसारित झाल्यानंतर बियाणे हळूहळू दुकानातून येऊ लागले. पाणी पोहोचले तसा ऊस पसरला. उसात निवडून ठेवण्याजोगे बी नाही, मधल्या ओळींत हुलगा-मटकी नाही, कणगीही नाही. पिकाचे पैसे कारखान्याच्या सभासदाच्या, म्हणजे बहुधा पुरुषाच्या, खात्यावर जमा होतात. बागायतीने घरात सुबत्ता आणली, पण धान्यावरील स्त्रीचा ताबा गेला. खुरपणी तेवढी उरली. ऊसतोडीसाठी येणाऱ्या मजुरांत तर पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. दोन माणसांच्या श्रमाला एकच एकक असावे, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

नोंदींची स्थितीही अशीच होती. घरच्या शेतावरील विनामोबदला कामाचा उल्लेख जनगणनेच्या प्रश्नातच स्पष्टपणे आला तो 1991 मध्ये. शेतकरी संघटनेच्या चांदवड येथील 1986 च्या महिला अधिवेशनाने शेतकरी स्त्रीचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेऊन पतीने पत्नीच्या नावे जमीन करावी असे आवाहन केले. पत्नीचे नाव सातबारावर सहधारक म्हणून लावण्याची योजना राज्य शासनाने 1992 मध्ये काढली. वारसा कायद्यात राज्याने 1994 मध्ये व केंद्राने 2005 मध्ये दुरुस्ती करून मुलीला सहदायिकीत जन्मतः हक्क दिला; सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्याचा अर्थ अधिक स्पष्ट केला.

कायदा असा पुढे सरकला तरी सातबारावर वारस म्हणून बहिणींची नावे लागल्यानंतर हक्कसोडपत्र करून देण्याची रीत सुटलेली नाही. त्यामागे लोभापेक्षा माहेर तुटण्याची भीती असते. संकटात परतण्याचे एकमेव घर राखण्यासाठी स्त्री जमिनीवरील हक्क सोडते. आणि सासरी जमीन पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावे असल्याने, आयुष्यभर खुरपे धरूनही पीककर्जाच्या अर्जावर तिची सही लागत नाही.