साखरझोपेचा हिशेब

एक ते तीन वर्षांचे मूल पहाटे साडेचार-पाचलाच टक्क जागे होते, तेव्हा तो बहुधा आजार नसतो. कधी त्याच्या वाट्याची झोप तोवर खरोखरच पुरी झालेली असते. कधी शरीरातले घड्याळ घरातल्या घड्याळाच्या दीड-दोन तास आधी धावत असते. आणि कधी पहाटेच्या हलक्या झोपेत एखादा आवाज, गारठा किंवा उजेड त्याला उठवतो आणि एकट्याने पुन्हा झोपणे त्याला जमत नाही. घरातल्यांना तिन्ही वेळी दिसते ते एकच: अंधारात अंथरुणावर उठून बसलेले, आईच्या डोळ्यांत बोटे घालून ‘उठ’ म्हणणारे मूल. त्यामुळे शेजारच्या घरी लागू पडलेला उपाय आपल्या घरी उलटा पडतो. कारण कोणते हे आधी ओळखावे लागते, आणि ते पहाटे नव्हे, दिवसभराच्या हिशेबात सापडते.

झोपविकारांच्या अमेरिकी तज्ज्ञसंस्थेने २०१६ मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेले आकडेही जवळपास हेच आहेत. यात दुपारची झोप धरलेली आहे, हे अनेकदा विसरले जाते. शिवाय ११ आणि १४ यांत तीन तासांचे अंतर आहे, आणि दोन्ही टोकांची मुले निरोगी असतात. म्हणून पहिले काम म्हणजे आठवडाभराची नोंद. दूधवाल्याचा खाडा जिथे मांडला जातो त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनातच रात्री डोळा कधी लागला, पहाटे जाग कधी आली, दुपारी किती झोप झाली एवढे लिहिले तरी पुरते. सात दिवसांच्या नोंदीतून जे दिसते ते आठवणीवर विसंबून कधीच दिसत नाही. थकलेल्या माणसाला वाईट रात्रीच तेवढ्या आठवतात.

पावणेदोन वर्षांची एक मुलगी घेऊ. ती संध्याकाळी सव्वासातला झोपते, पावणेपाचला उठते, दुपारी दोन तास झोपते. रात्रीचे साडेनऊ आणि दुपारचे दोन मिळून साडेअकरा तास झाले. ती हसतखेळत उठते आणि बारापर्यंत मजेत असते. तिची झोप कमी नाही, फक्त चुकीच्या वेळी पडते आहे. तिला पहाटे कितीही थोपटले तरी उपयोग नाही, कारण झोप शिल्लकच नाही. तिचा सगळा दिवस पुढे सरकवावा लागेल. आता अडीच वर्षांचा एक मुलगा पाहू. तो रात्री सव्वादहाला झोपतो, सव्वापाचला उठतो, पाळणाघरात दुपारी जेमतेम तासभर झोपतो. एकूण आठ तास, म्हणजे किमान गरजेपेक्षाही तीन तास कमी. संध्याकाळी रिक्षात बसताच पाच मिनिटांत तो मान टाकतो, जेवणाच्या ताटावर रडतो, आणि नऊनंतर मात्र घरभर पळत सुटतो. हा उत्साह नव्हे. थकव्याशी झगडणाऱ्या शरीराने आणलेले ते उसने बळ असते. याला अलीकडे ओढून लवकर झोपवायला हवे. दोघेही पहाटे पाचच्या सुमारास उठतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला दिला तर दोघांचेही बिघडेल.

झोप दोन गोष्टींच्या तालावर चालते. आलेक्झांडर बोर्बेली या स्वित्झर्लंडमधील संशोधकाने १९८२ मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया आहे. एक म्हणजे झोपेची भूक: जागेपणी ती वाढत जाते आणि झोपल्यावर भागत जाते. दुसरे म्हणजे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असलेले दैनिक घड्याळ. अंधार पडू लागला की ते मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू देते, पहाटे ते आवरते घेते. रात्रीच्या पहिल्या भागात भूक मोठी असते, म्हणून झोप गाढ लागते. पहाटेपर्यंत ती बरीचशी भागलेली असते, मेलाटोनिन उतरणीला लागलेले असते आणि स्वप्नांची, उथळ झोपेची आवर्तने वाढलेली असतात. मोठ्या माणसाचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे, तर लहान मुलाचे तासाभराच्या आसपास. म्हणजे झोप पातळ होण्याचे क्षणही त्याला अधिक. रात्री नऊला शेजारी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी न हलणारे मूल पहाटे पाचला दाराच्या कडीच्या आवाजाने उठते, ते यामुळे.

या घड्याळाला किल्ली देतो तो उजेड. डोळ्यांच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज केवळ उजेड मोजणाऱ्या पेशी असतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. निळसर पांढऱ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. लहान मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग नितळ असल्याने आत प्रकाशही जास्त जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळू दिले. त्यांचे मेलाटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी घटले, आणि दिवे मंद केल्यावर ५० मिनिटांनीही बहुतेकांचे सावरले नव्हते. संध्याकाळचा उजेड घड्याळ मागे रेटतो, तर पहाटेचा उजेड ते अलीकडे ओढतो. पाच वाजता उठलेल्या मुलाला स्वयंपाकघरातल्या लख्ख ट्यूबलाइटखाली बसवले की उद्या पाचलाच उठायचे, असा निरोप रोज त्याच्या मेंदूला पोहोचत राहतो.

महाराष्ट्रात या बाबतीत ऋतू आणि गाव दोन्ही पाहावे लागतात. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे सूर्योदय सुमारे २५ मिनिटे आधी होतो, आणि तांबडे त्याहीआधी फुटते. मे महिन्यात विदर्भातले मूल पाचनंतर चुळबुळू लागले तर त्यात नवल नाही. लंडनमधल्या मराठी घरात जूनमध्ये पावणेपाचलाच सूर्य वर आलेला असतो. तिथे जाड पडदा ही चैन राहत नाही. आपल्याकडे महागडे पडदे घ्यायलाच हवेत असे नाही. खिडकीवर दुहेरी घडीची सोलापुरी चादर नीट ताणून लावली तरी खोली पुरेशी अंधारते. पडद्याच्या कडेने आणि दाराच्या फटीखालून येणारी उजेडाची रेघ मात्र विसरू नये. पहाटे पाचला त्या खोलीत स्वतः आडवे पडून पाहिले की ती दिसते. ठरवलेल्या वेळेपर्यंत अंधार राखायचा, आणि ती वेळ झाली की पडदे सताड उघडायचे. लवकर उठणाऱ्या मुलाला संध्याकाळी ऊन उतरल्यावर मैदानात, अंगणात किंवा गच्चीवर नेणेही उपयोगी पडते. त्यामुळे घड्याळ थोडे मागे सरते आणि अंगही दमते.

आवाजांचे वेळापत्रक प्रत्येक घराचे वेगळे असते. पालिकेचे पाणी साडेपाचला येते, खाली मोटर सुरू होते, टाकी भरून वाहू लागते, दुधाच्या पिशव्या दारावर आपटतात. यातले फारसे काही टाळता येत नाही. पण शांततेत अचानक उठलेला आवाज मुलाला दचकवतो, तोच सतत चालणाऱ्या पंख्याच्या घरघरीत बुडून जातो. म्हणून पंखा रात्रभर एकाच गतीने चालू ठेवणे बरे. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली असते. रात्री उकडते म्हणून पाचवर ठेवलेला पंखा चारनंतर झोंबतो, आणि पांघरूण तर मुलाने कधीच लाथाडलेले असते. पायापर्यंतचे सुती कपडे गोधडीपेक्षा भरवशाचे. ओला, जड झालेला डायपरही याच वेळी टोचू लागतो. निजण्याच्या अगदी आधी तो बदललेला असावा.

दुपारच्या झोपेत फार घोळ होतो. साधारण १५ ते १८ महिन्यांच्या दरम्यान मुले दोन झोपांवरून एकीवर येतात, आणि ती एक झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुटते. पहाटे पाचला उठलेले मूल आठ-साडेआठला पेंगते आणि पुन्हा दीड तास झोपते. ही नवी झोप नव्हे, रात्रीचाच तुटलेला तुकडा तो. ती रोज त्या वेळी मिळत राहिली की पहाटे उठणे शरीराला परवडते आणि सवय पक्की होते. अशा मुलाची ही झोप दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी पुढे ढकलत साडेबारा-एकपर्यंत आणावी. दुसऱ्या टोकाला चार ते सहा झोपणारी मुले असतात. त्यांना रात्री दहापर्यंत झोप येत नाही. दुपारची झोप तीन-साडेतीनपर्यंत संपलेली बरी. रात्री चांगली झोपेल म्हणून दुपारची झोप बंद करणे हा मात्र दोन वर्षांच्या मुलावर अन्याय आहे. संध्याकाळपर्यंत ते इतके शिणते की रात्रीची झोपही धड लागत नाही.

रात्रीची वेळ बदलतानाही घाई उपयोगाची नाही. एके दिवशी तासभर उशिरा झोपवले म्हणून मूल तासभर उशिरा उठत नाही. घड्याळ एका रात्रीत हलत नाही, आणि कमी पडतो तो झोपेचाच एक तास. आधी सांगितलेल्या मुलीला सव्वासातवरून पावणेनऊवर न्यायचे तर दर तीन दिवसांनी १५ मिनिटे या हिशेबाने १८ दिवस लागतील, आणि तिचे जेवण, अंघोळ, दुपारची झोप हे सगळे सोबत सरकवावे लागेल. त्या मुलाला साडेआठपर्यंत अलीकडे आणायचे तर याच्या उलट जावे लागेल. ते जास्त कठीण, कारण आड येते ते मुलाचे घड्याळ नाही, घरच्यांचे. नऊ-साडेनऊला लोकलने घरी पोहोचणाऱ्या बापाला मूल जागे हवे असते, आणि ही इच्छा काही वावगी नाही. त्यातून वाट काढायची तर सकाळचा अर्धा तास बापाचा ठरवता येतो: मुलाला न्हाऊ घालणे, भरवणे, पाळणाघरात सोडणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४०५ मातांसोबत केलेल्या अभ्यासात अंघोळ, अंगाला चोळणे आणि शांत गाणे-गोष्ट असा क्रम रोज पाळल्यावर मुले लवकर झोपू लागली आणि रात्रीचे उठणे कमी झाले. तेल लावून न्हाऊ घालायचे, अंगाई म्हणायची, या आपल्याकडच्या जुन्याच गोष्टी. त्यांना वेळ आणि क्रम मिळाला पाहिजे.

आता खुद्द पहाट. मूल उठते तेव्हा त्याला काय मिळते यावर उद्याची पहाट ठरते. साडेचारला उठणाऱ्या आजोबांना नातवंडाची सोबत हवीशी वाटते. बिस्किट, बडबडगीते, कडेवर घेऊन देवपूजा असा तो सोहळा असतो. आजोबांचा तो आनंद खरा आहे, पण तो सहानंतर व्हावा. मोबाइल तर मुळीच नको. चुळबुळ ऐकताच धावण्याऐवजी दोन-तीन मिनिटे थांबावे, कारण उथळ झोपेतली पुष्कळ मुले पुटपुटून आपणच कूस बदलतात. रडू लागले तर अंथरुणातच, अंधारात, फार न बोलता थोपटावे. झोप लागली नाही तरी खोली सोडू नये. रात्री झोप लागताना जे सोबत असते तेच पहाटे जाग आल्यावर मूल शोधते, मग ती मांडी असो, झोळी असो किंवा दुधाची बाटली. म्हणून डोळे जड झाले पण मिटले नाहीत अशा वेळी मांडीवरून अंथरुणावर ठेवण्याची सवय लावावी. त्यासाठी वेगळी खोली किंवा वेगळा पलंग लागतो असे नाही. आईच्या कुशीतली मुलेही हे शिकतात. पहाटेच्या बाटलीचे दूध मात्र हळूहळू कमी करत सकाळच्या पेल्यात आणावे. तोंडात बाटली ठेवून झोपल्याने दात किडतात, आणि पोटालाही पाच वाजता भूक लागण्याची सवय होते.

अडीच वर्षांनंतर मुलाला खूण समजते. घड्याळ वाचता येत नसले तरी टायमरवर सहाला लागणारा पिवळा मंद दिवा त्याला कळतो: दिवा लागला की सकाळ. सुरुवातीला दिवा त्याच्या नेहमीच्या उठण्याच्या वेळीच लागू द्यावा, म्हणजे खूण खरी ठरते, आणि मग दर काही दिवसांनी दहा मिनिटे पुढे न्यावा. कोणताही बदल दोन-तीन आठवडे टिकवून पाहावा लागतो. दाढा येण्याचे दिवस, ताप, गावाची यात्रा यांत घडी विस्कटते. ते सरले की पुन्हा तिथूनच सुरुवात करायची.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या पलीकडच्या असतात. रोज घोरणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे, झोपेत श्वास अडकल्यासारखे करणारे मूल डॉक्टरांना दाखवावे. नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. रात्री शौचाच्या जागी खाज सुटत असेल तर कृमी असू शकतात. शरीरातले लोह कमी असले की पाय चाळवत राहतात आणि झोप तुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. तेव्हा ही शक्यता आपल्याकडे मुळीच दूरची नाही. सर्दीचे गुंगी आणणारे औषध किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देऊ नयेत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका कामाच्या वेळी मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. त्या बायकांपुढे दुसरा मार्ग नव्हता.

एवढे सगळे करूनही काही मुले सहाला उठतातच. झोपेची बेरीज पुरी होत असेल आणि मूल दिवसभर प्रसन्न असेल, तर या वयाला सहा ही नेहमीची वेळ आहे. अशा घरात रात्रीच मुलाच्या उशाशी दोन जाड पानांची पुस्तके, एक कापडी बाहुली आणि पाण्याचा पेला ठेवावा. खिडकीला जाळी आणि दाराला वरची कडी असावी. मग जागे झालेले मूल पंधरा-वीस मिनिटे आपल्याशीच बडबडत खेळते.