सातारा की सांगली? आधी दिवस निवडा, मग कॉलेज!

बारावीचा निकाल लागला, टक्केही बरे पडले. आता घरात एकच विषय. मामा म्हणतो, ‘साताऱ्याला टाका.’ आत्या म्हणते, ‘सांगलीच बघा.’ आणि तुम्ही दोन्हीकडच्या कॉलेजांची रील्स बघत बसलेले! कराड, विटा, कडेगाव पट्ट्यात तर हा पेच दरवर्षीचा. एसटी दोन्हीकडे जाते, पण ॲडमिशन एकाच ठिकाणी घ्यायची असते.

योगायोग बघा. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आलं आणि सांगलीत आज ‘वालचंद’ म्हणून ओळखलं जाणारं इंजिनीअरिंग कॉलेज. वर्षं तीच, पण दोन्ही गावांचा स्वभाव वेगळा घडला.

साताऱ्याचा स्वभाव : कमवा आणि शिका

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतचं वाक्य इथे नुसतं भिंतीवर राहिलं नाही. फी भरायला पैसे नाहीत म्हणून कुणाचं शिक्षण थांबू नये, तो काम करून शिकेल, हा विचार कर्मवीरांनी वसतिगृहातून उभा केला. मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ योजना इथलीच. त्यामुळे फावल्या वेळात काम करणाऱ्या मुलाकडे इथे कुणी वळून बघत नाही.

२०२१ मध्ये इथे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झालं. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही तिन्ही त्याची घटक महाविद्यालयं. ‘हे कुठलं नवीन विद्यापीठ?’ असं घरचे विचारतील. त्यांना सांगा, हे राज्य सरकारने स्थापन केलेलं समूह विद्यापीठ आहे. तीनच कॉलेजं, तीही एकाच शहरात, म्हणजे कारभार आटोपशीर. पण संस्था तरुण आहे, माजी विद्यार्थ्यांचं जाळं विद्यापीठाच्या नावाने अजून विणलं जायचंय.

सांगलीचा स्वभाव : मोठं मैदान

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत. गावाला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. पु. ल. देशपांडे विलिंग्डनचे विद्यार्थी. शेजारच्या मिरजेत तंतुवाद्यं घडतात. नाटक, गाणं, वक्तृत्व यांची खाज असेल तर इथे सोबती शोधावे लागत नाहीत.

विलिंग्डनची डिग्री मात्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९६२ चं, पसारा कोल्हापूर, सांगली, सातारा असा तीन जिल्ह्यांचा. युवा महोत्सवात आधी जिल्हा, मग मध्यवर्ती फेरी, म्हणजे कसोटी तीन जिल्ह्यांतल्या पोरांसमोर. नाव जुनं, ओळखीचं. पण कॉलेजं इतकी, की गर्दीत आपला आवाज आपणच काढावा लागतो.

आणि हो, साताऱ्यातली बाकीची बरीच कॉलेजं आजही शिवाजी विद्यापीठाशीच जोडलेली आहेत. त्यामुळे नुसतं शहराचं नाव बघून डिग्री कुणाची, हे ठरवू नका.

खरा प्रश्न पैशाचा

ज्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला जातंय, तिथे कॅम्पसपेक्षा खोलीभाडं आणि मेस मोठी असते. मुलीच्या बाबतीत तर गाडी त्याही आधी अडते : ‘बाहेरगावी पाठवायचं का?’ मग जवळचं कॉलेज, मिळेल तो विषय आणि लग्नाची बोलणी. म्हणून हॉस्टेलची चौकशी शेवटी करू नका, सगळ्यात आधी करा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. २०२४ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांतल्या मुलींना इंजिनीअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. ‘परवडत नाही’ म्हणण्याआधी हा हिशेब वडिलांसमोर कागदावर मांडा.

फॉर्म भरण्याआधी हे विचारा

● डिग्रीवर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार?
● मला हवा तो मुख्य विषय तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का?
● हॉस्टेलची यादी कधी लागते? नंबर नाही लागला तर काय?
● ‘कमवा आणि शिका’मध्ये रोज किती तास, मोबदला किती?
● महाडीबीटीवर मला कुठली शिष्यवृत्ती लागू होते?

आणि एक काम नक्की करा. कॉलेज चालू असताना, साध्या वारी, दोन्हीकडे जाऊन या. प्रवेशाच्या खिडकीवर माहितीपत्रक मिळतं. लायब्ररीत, हॉस्टेलच्या मेसमध्ये, दुसऱ्या वर्षाच्या पोरांमध्ये खरी माहिती मिळते. सकाळी उठून काम करून लेक्चरला बसणं तुम्हाला जमेल का? की संध्याकाळी तालमीला थांबता आलं नाही तर जीव कासावीस होईल? तीन-चार वर्षांतला तुमचा रोजचा दिवस कसा हवा, ते आधी ठरवा. मामा आणि आत्याला मग समजावता येईल.