गवत, ऊन आणि दिवसांचा हिशेब

जनावरांच्या कोरड्या खाद्याला मराठीत शब्दांची वाण नाही. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, भाताचा पेंढा, गव्हाचा भुसा आणि या सगळ्यांना पोटात घेणारी वैरण. मात्र ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू धान्य काढून घेतल्यावर उरलेली आहे. जे गवत केवळ गवत म्हणून राखले, ठरावीक वेळी कापले, उन्हात वाळवले आणि वर्षभरासाठी साठवले, त्याला आपल्या भाषेत स्वतंत्र, रुळलेले नाव नाही. ‘वाळलेले गवत’ असे दोन शब्द जोडून आपण वेळ मारून नेतो.

याचे कारण सरळ आहे. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशात हिवाळ्याचे पाच-सहा महिने कुरणात काही उगवत नाही. तिथे वाळलेले गवत हे जनावर जगवण्याचे मुख्य साधन झाले आणि त्याची वेगळी शेती, वेगळी अवजारे तयार झाली. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ज्वारी-बाजरी माणसाचे पोट भरून बैलाचेही भरत राहिली. अपवाद म्हणावा असा एक मोठा पट्टा मात्र महाराष्ट्रात आहे. तो म्हणजे पूर्वीचा ठाणे आणि आताचा पालघर जिल्हा.

या पट्ट्यात वाडा तालुक्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. वरकस म्हणजे भाताच्या खाचरांवरची उताराची, पातळ मातीची, मधूनमधून कातळ डोके वर काढणारी जमीन. तिच्यावरचे गवत कापून विकण्याचे काम काही वर्षे मी पाहतो. त्यामुळे शेजारपाजारचे शेतकरी विचारतात, ‘ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा घेऊ? बेलर घेऊ का?’ प्रश्न यंत्राचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना मला पाण्याचे गणित, शहराचा इतिहास आणि एका संपाची हकीकत यांतून जावे लागले. तोच प्रवास इथे मांडतो.

शहराची भूक

उत्तर कोकणातले गवत विकाऊ झाले ते मुंबईमुळे. 1853 साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि 1864 साली गुजरातकडून येणारा लोहमार्ग वसई, पालघर, डहाणूच्या बाजूने मुंबईला जोडला गेला. तेव्हाचे मुंबई शहर घोड्यांवर चालत होते. 1874 साली सुरू झालेली ट्रामही घोडेच ओढत. 1905 साली ती घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा कंपनीच्या पागांत तेराशेहून अधिक घोडे होते. त्यांच्या जोडीला लष्कराचे घोडे, व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे आणि मालगाड्यांचे बैल होतेच. घोडे गेले तरी म्हशींचे तबेले राहिले. 1949 साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली ती शहरात विखुरलेले तबेले एका ठिकाणी नेण्यासाठी. या सगळ्या जनावरांच्या गव्हाणीत ठाणे जिल्ह्याचे डोंगरी गवत पडत होते.

सुटे गवत वाहून नेणे म्हणजे मुख्यतः हवा वाहून नेणे. सुटे गवत घनमीटरला जेमतेम साठ-सत्तर किलो भरते. चांगली दाबलेली चौकोनी गासडी सव्वाशे ते पावणेदोनशे किलोपर्यंत जाते. गाडी वजनाने भरण्याआधी आकारानेच भरते. म्हणून या भागात गवताचे पहिले महत्त्वाचे यंत्र आले ते कापणीचे नव्हे, दाबण्याचे. स्टेशनाजवळच्या वखारींत प्रेस बसले. डोंगरावर मात्र विळाच चालू राहिला. यंत्र नेमके कुठे आले आणि कुठे आले नाही, हे पुढच्या विवेचनात महत्त्वाचे आहे.

वाळणे म्हणजे काय

गवत वाळवणे हे पाणी काढण्याचे काम आहे. हिरव्या, कोवळ्या गवतात वजनाच्या पाऊण हिस्सा पाणी असते. असे हजार किलो गवत कापले तर त्यात अडीचशे किलोच खरा चारा. साठवताना त्यात पंधरा टक्के पाणी चालते, म्हणजे हाती येणारे गवत सुमारे 294 किलो. उरलेले सातशे किलो पाणी उन्हाने आणि वाऱ्याने फुकट उडवून न्यायचे असते.

पण कापलेले गवत लगेच मरत नाही. पाणी चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत त्याच्या पेशी श्वास घेत राहतात आणि स्वतःतली साखर जाळत राहतात. म्हणजे संथ वाळणारे गवत वाळता वाळताच निकस होते. त्यात पाऊस पडला तर विरघळणारी सत्त्वे धुऊन जातात. उलट फार कडक वाळल्यावर ते हलवले तर पाने चुरा होऊन जमिनीवर राहतात आणि हाती काड्या येतात. ओलसर गवत गासडीत बांधले तर आत बुरशी आणि जिवाणू वाढतात, गासडी तापते. हे तापमान सत्तर अंशांच्या पुढे गेले की रासायनिक क्रिया सुरू होऊन गंजी आपोआप पेटू शकते, आणि तेही बांधल्यानंतर कित्येक आठवड्यांनी.

ओल तपासण्याची एक घरगुती रीत आहे. काचेच्या कोरड्या बरणीत गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवायचे. मीठ सुटे राहिले तर गवत बांधण्याजोगे. मिठाचे गोळे झाले तर अजून एक दिवस थांबायचे.

प्रत्येक यंत्र दिवस विकत घेते

आता यंत्रांकडे पाहू. इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत गवत ऐन जोमात असते तेव्हाच पाऊस मधूनमधून पडत असतो. सलग तीन-चार कोरडे दिवस मिळाले तर नशीब. त्यामुळे तिथली यंत्रे वाळण्याचा वेळ तोडण्यासाठी बनली. कापताना काड्या रुळांमधून चिरडणारे कंडिशनर, म्हणजे काडीतले पाणी पानाच्या वेगाने बाहेर पडावे. कापलेले गवत उधळून पसरणारे टेडर. मग त्याची ओळ लावणारे यांत्रिक दाताळे. आणि शेवटी ती ओळ उचलून बांधणारा बेलर. 1878 सालच्या सुमारास जॉन ॲपलबी यांनी सुतळीची गाठ आपोआप मारणारी रचना कापणीयंत्रासाठी सिद्ध केली. तिच्याच वंशातली गाठयंत्रणा 1940च्या दशकात शेतात फिरणाऱ्या चौकोनी बेलरवर आली आणि गासडी बांधायला बसलेली माणसे उतरली. 1970च्या दशकात अमेरिकेत मोठ्या गोल गासड्यांचे बेलर पसरले, तेव्हा एका माणसाला एकट्याने गवताची शेती करणे शक्य झाले.

या सगळ्या यंत्रांना फिरवतो तो ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा, मिनिटाला 540 फेरे घेणारा दांडा. शेतकरी हॉर्सपॉवर विचारतो. मी त्याला पीटीओचा प्रकार विचारायला सांगतो. साध्या क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. बेलरच्या तोंडाशी गवताचा ढीग आला की ट्रॅक्टर थांबवून बेलर चालू ठेवावा लागतो. इथे नेमके उलटे होते आणि तोंड गच्च भरते. म्हणून ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ हवा. दुसरे, इंजिनाची ताकद पीटीओपर्यंत पूर्ण पोचत नाही. 45 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरकडून 38-40 धरावी. तिसरे, वजन. चौकोनी बेलरचा दट्ट्या मिनिटाला ऐंशीएक वेळा आपटतो आणि त्याचा प्रत्येक हिसका ट्रॅक्टरपर्यंत येतो. उतारावर हलका ट्रॅक्टर गासड्यांनी भरलेल्या ट्रॉलीला आवरण्याऐवजी तिच्यामागे ओढला जातो.

वरकस जमिनीला आणखी दोन अटी आहेत. पुढेमागे सरकणाऱ्या पात्यांचे कापणीयंत्र कमी ताकदीत स्वच्छ कापते, पण लपलेला दगड किंवा वारूळ लागले की पाते तुटते. ड्रम मोअरला ताकद जास्त लागते, पण त्याची सुटी पाती दगडाला लागली की मागे वळतात. आमच्या माळाला दुसरे बरे. आणि उतारावर गोल गासडी सोडताना ती आडवी सुटेल असा ट्रॅक्टर उभा करावा, नाहीतर गासडी घरंगळत खालच्या वाडीपर्यंत जाते. मोठी गासडी वाटेत माणूस चिरडू शकते. आमच्याकडे म्हणून लहान गोल किंवा चौकोनी गासडीच योग्य.

पण मूळ प्रश्न राहतोच. पालघरमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस परततो आणि पुढे महिनेच्या महिने कोरडे ऊन असते. जिथे ऊन फुकट आणि मुबलक आहे, तिथे वाळण्याचा वेळ वाचवणारे कंडिशनर आणि टेडर कशाला? आपल्याला टंचाई आहे ती वेगळ्या दिवसांची. पाऊस संपेपर्यंत गवत फुलून, बी धरून, काडी होऊन बसलेले असते. फुलोऱ्याच्या वेळचे प्रथिन तोवर बरेच घटते. कुसळी असेल तर तिची कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात. म्हणजे इंग्लंडात गवत चांगले असते तेव्हा ऊन नसते, आणि आपल्याकडे ऊन येते तेव्हा गवताचा बहर गेलेला असतो. सप्टेंबरच्या उघडिपीत तीन-चार दिवस साधून गवत कापणे, उधळणे, बांधणे हे यंत्रांना जमू शकते. विळ्यांनी इतक्या थोड्या वेळात माळ उरकत नाही. यंत्राचा आपल्याकडचा खरा फायदा इथे आहे.

दिवसांवर हक्क सांगणारे

इथेच हिशेब पुरा केला असता तर सोपे होते. पण या दिवसांवर जनावराखेरीज आणखी दोघांचा हक्क आहे.

पहिला गवताचा. आमच्या माळावर पवन्या आहे, शेडा आहे. शेडा बहुवर्षायू, कापला तरी मुळापासून फुटतो. पवन्या वर्षायू, दरवर्षी बियांतून नव्याने उगवतो. सगळा माळ सप्टेंबरात, बी गळण्याआधी, यंत्राने सफाचट केला तर दोन-चार वर्षांत पवन्या विरळ होईल आणि त्याच्या जागी जनावर तोंड लावणार नाही असे काही येईल. उशिरा कापण्याची जुनी रीत निव्वळ अडाणीपणाची नव्हती. कापणीला लागणाऱ्या वेळात गवताला बी टाकायला सवड मिळत होती. म्हणून लवकर कापायचेच तर माळाचे तीन भाग करावेत आणि दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत राखावा.

दुसरा हक्क कापणाऱ्याचा. 1945च्या ऑक्टोबरात ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली गवतकापणीचा संप केला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सुमारे 227 किलो, तेही डोंगरउतारावर वाकून, विळ्याने. त्याच महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मारली गेली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला परिचित आहे. आपण तो वेठबिगारीविरुद्धचा लढा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण गवताच्या अंगाने पाहिले तर त्यातला एक धागा अधिक स्पष्ट होतो. संप ऑक्टोबरात का? कारण गवत थांबत नाही. उभे वाळलेले गवत लोळते, पांढरे पडते, वणव्यात जाते. वखारी, प्रेस, रेल्वे, शहरातली मागणी सगळे तयार असते आणि विळा थांबला की साखळी थांबते. प्रेसपर्यंत पोचलेले यंत्र डोंगरावर पोचले नव्हते, म्हणूनच कापणाऱ्याच्या हातात त्या थोड्या दिवसांपुरती ताकद होती.

मोअर आणि बेलर आले की नेमकी ही ताकद संपते. याला दुसरी बाजूही आहे. तरुण मुले आता भिवंडीच्या गोदामांत आणि वसईच्या कारखान्यांत जातात. उन्हात वाकून गवत कापण्यात कुणाला गोडी नाही, आणि असावी असा आग्रह धरण्याचा हक्क जमीनमालकाला नाही. कित्येक माळ कापलेच जात नाहीत. तरीही सपाट तुकडे यंत्राने आधीच उरकले गेले की विळ्याच्या वाट्याला फक्त चढाचे, अवघड, कमी गवताचे कोपरे राहतात. तिथे भाऱ्यावर मजुरी दिली तर दिवसभर राबून हातात काहीच पडत नाही. म्हणून आमच्याकडे यंत्र चालते त्या हंगामात चढावरची कापणी भाऱ्यावर न देता रोजावर द्यावी, असे मी ठरवले आहे. हा उपकार नव्हे; अवघड जागेचा तो खरा दर आहे.

तर विचारणाऱ्याला मी आता असे सांगतो. जमीन दहा-पंधरा एकर असेल तर स्वतःचा बेलर घेऊ नये. वर्षातले फार तर दहा दिवस चालणारे यंत्र बाकीचे दिवस शेडमध्ये हप्ते खात बसते. पाच-सहा जणांनी मिळून घ्यावे. मात्र सगळ्यांना ते एकाच उघडिपीत हवे असणार, तेव्हा कुणाचा माळ कधी हा क्रम पावसाआधीच कागदावर लिहावा. ट्रॅक्टर 45च्या आसपासचा, वजनदार, ड्युअल क्लचचा बघावा. आणि पैसे भरण्याआधी माळावर एक फेरी मारावी: पवन्या किती, शेडा किती, दगड कुठे, चढ कुठे, आणि त्या चढावर विळा घेऊन कोण जाणार. हॉर्सपॉवरचा आकडा या फेरीनंतर ठरवायचा असतो.