बर्लिनचे जुने पादचारी-दीप : रंग आणि आकृती

कालबाह्य ठरलेला वाहतूक-दीप बहुधा वस्तुसंग्रहालयात जातो. जुना संकेत चालू रस्त्यावर टिकून राहिल्याची उदाहरणे विरळाच. बर्लिनमधील ‘आम्पेलमेन्शेन’, म्हणजे ‘दिव्यातील छोटा माणूस’, हे त्यांपैकी एक होय. तो कशामुळे टिकला, हा प्रश्न मानसशास्त्र व समाजशास्त्र या दोहोंच्या दृष्टीने विचारार्ह आहे.

वाहतूक-मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी १३ ऑक्टोबर १९६१ रोजी पूर्व बर्लिनमध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र संकेतांची योजना मांडली. लाल व हिरवा यांतील भेद ज्यांना ओळखता येत नाही, त्यांना केवळ रंगाचा संकेत अपुरा पडतो. म्हणून रंग जे सांगतो तेच आकृतीनेही सांगितले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानुसार लाल आकृती समोर तोंड करून, दोन्ही बाहू पसरून अडसराप्रमाणे उभी आहे. हिरवी आकृती बाजूस वळून लांब पाऊल टाकते व बाणाप्रमाणे दिशा दाखविते. ठसठशीत बांधा आणि टोपी यांमुळे प्रकाशित क्षेत्रही वाढते.

१९९० च्या जर्मन एकीकरणानंतर या आकृत्या काढून पश्चिमेकडील प्रमाणित, कृश आकृत्या बसविण्यास प्रारंभ झाला. तेव्हा पश्चिम जर्मनीतील आरेखनकार मार्कुस हेकहाउझेन यांनी काढून टाकलेल्या दिव्यांच्या काचांपासून घरगुती दिवे तयार केले. आकृतीच्या रक्षणार्थ समितीही स्थापन झाली. १९९७ मध्ये या प्रयत्नांना यश आले. २००५ पासून तर पूर्वीच्या पश्चिम बर्लिनमध्येही हीच आकृती बसविली जाऊ लागली.

हा केवळ गतकाळाच्या ओढीचा विजय होता काय? ओढ होतीच, परंतु तेवढ्याने पश्चिम बर्लिनमधील स्वीकाराचा उलगडा होत नाही. ब्रेमेन येथील जेकब्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रंग व आकृती यांचा मुद्दाम विरोध घडवून आणला होता. उदाहरणार्थ, चालणारी आकृती लाल रंगात दाखविली होती. अशा गोंधळातही पूर्व जर्मन आकृतीचा अर्थ पश्चिमेकडील आकृतीपेक्षा अधिक सुलभतेने ग्रहण झाला. पेग्लाऊ यांच्या मूळ विचारास यामुळे पुष्टी मिळते.

दिव्यांच्या पेट्या बदलल्या, प्रकाशाचे साधनही बदलले; टिकली ती आकृती. एकीकरणाच्या काळात तिच्याकडे एका लयास गेलेल्या राजवटीची खूण म्हणून पाहिले गेले, आणि तिची उपयुक्तता दृष्टिआड झाली. जुने साधन मोडीत काढण्यापूर्वी त्याच्या उगमाबरोबर त्याच्या कार्याचीही परीक्षा झाली पाहिजे, हाच या उदाहरणाचा निष्कर्ष होय.