दुसऱ्याच्या गळ्यांतलें गाणें

चंद्रपुराहून घुग्घुसला जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाच्या गाड्यांची रांग सहसा तुटत नाहीं. भर पावसाळ्यांतहि कडेच्या झाडांचीं पानें काळसर दिसतात, आणि गांवांतल्या गृहिणी वाळत घातलेलें धुणें दिवस मावळण्यापूर्वींच आंत घेतात. खाणीच्या पाळ्यांवर जेथें घरोघरचें जेवणखाण आणि झोंप ठरते, त्या गांवांत ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांतील पदें कोणी बसवीत असेल, अशी आमची कल्पना नव्हती. गेल्या श्रावणांत तेथें एका आप्तांकडे आमचा मुक्काम असतां रात्रीं नऊच्या सुमारास शेजारच्या सभागृहांतून तबल्याचा व पेटीचा आवाज येऊं लागला. यजमानीणबाई म्हणाल्या, “आमच्या पोरांची तालीम आहे. चला नं ऐकायला.” आम्ही गेलों, आणि पुढें चार रात्री जातच राहिलों.

मंडळी अगदींच हौशी. मुख्य गाणारा तरुण खाणीच्या यंत्रशाळेंत कामास. तबल्यावर शाळेंतून निवृत्त झालेले एक वृद्ध गुरुजी. पेटीवर एका बँकेंतील कारकुनाची पत्नी, जी घरचा स्वयंपाक आटोपून येई आणि तान्ह्या मुलास सतरंजीवर निजवून वाजवीत बसे. गणेशोत्सवांत नाटकांतले निवडक प्रवेश पदांसह करावयाचे, असा बेत होता. त्या तरुणानें वसंतराव देशपांडे यांची ध्वनिमुद्रिका मोबाइलवर इतक्या वेळां ऐकली होती कीं, वसंतरावांनीं कोठें श्वास घेतला हेंसुद्धां तो सांगूं शके. ताना तर त्यास रामरक्षेसारख्या पाठ होत्या.

पहिल्या रात्रीं आम्ही ऐकलें तें ‘घेई छंद’. मुखडा सुरेख उठला. गळा गोड, स्वर स्वच्छ. परंतु पुढें जी लांब तान त्यानें घेतली, ती समेच्या दोन मात्रा आधींच संपली. पुन्हां घेतली, तेव्हां ती समेच्या पुढें निघून गेली. तो थांबला.

“गुरुजी, तुम्ही लय वाढवली.”

“मी कशाला वाढवूं बाबू? त्या रेकॉर्डवरचा तबला त्या दिवशीं चालला तसा चालला. माझा आज असा चालतो. तूं माझ्याबरोबर गातोस कीं त्या तबलजीबरोबर?”

सगळे हंसले. तरुण मात्र हंसला नाहीं, आणि आमच्या मतें त्यानें हंसूं नये हेंच योग्य होतें. कारण गुरुजींच्या त्या प्रश्नांत त्याची सारी अडचण आली होती.

ज्या वाचकांनीं हें नाटक पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. १९६७ सालीं नाट्यसंपदा या संस्थेनें तें रंगभूमीवर आणलें. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें, आणि खांसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांची. दारव्हेकर नागपुरांत वाढलेले नाटककार. वसंतरावांचा जन्म १९२० सालीं मूर्तिजापूरचा, आणि त्यांचें आरंभींचें संगीतशिक्षण नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे. म्हणजे हें नाटक पुण्यामुंबईस गाजलें तरी आम्हां वैदर्भीयांस तें घरचेंच वाटतें. वसंतराव या भूमिकेंत उभे राहिले तेव्हां त्यांचें वय सत्तेचाळीस होतें, ही गोष्ट सव्विसाव्या वर्षीं तींच पदें गाऊं पाहणारांनीं ध्यानांत ठेवावी.

नाटकाचें कथानकच मुळीं दुसऱ्याचें गाणें घेण्याविषयींचें आहे. पंडित भानुशंकर आणि खांसाहेब हे दोन प्रतिस्पर्धी. आणि पंडितांचा भक्त असलेला सदाशिव खांसाहेबांची गायकी चोरून ऐकून आत्मसात करूं पाहतो. दारव्हेकर-अभिषेकींनीं यांत एक विलक्षण गोष्ट साधली आहे. ‘घेई छंद’ हें एकच पद दोन चालींत येतें: एकदां धानी रागांत, एकदां सालगवराळींत. धानी हा पांच स्वरांचा, कोमल गंधार-निषादांचा सुटसुटीत राग. ऐकणाराहि दोन वेळां ऐकून गुणगुणूं लागतो. सालगवराळी मैफलींत क्वचितच कानीं पडतो, त्यामुळें गाणारास स्वरांची वाट अंगवळणी पडलेली नसते. तो एकेक पाऊल चांचपीत जातो. शब्द तेच, पण दोन घराणीं समोरासमोर उभीं राहिलेलीं दिसतात. एकाच रात्रीं दोन्ही चाली प्रामाणिकपणें गाणें म्हणजे एकाच मुखानें दोन माणसें बोलविणें होय.

आतां मूळ अडचणीकडे येऊं. आमच्या संगीतांत बांधलेला भाग थोडा आणि न बांधलेला फार. अभिषेकींनीं चाल बांधली. मुखडा, अंतरा, राग, ताल हें सारें त्यांचें. पण मुखड्यावरून अंतऱ्याकडे जातां वसंतराव ज्या जागा घेत, त्या त्या क्षणीं सुचलेल्या असत. दुसऱ्या प्रयोगांत त्या निराळ्या. ध्वनिमुद्रिकेनें त्यांतील एक क्षण पकडून ठेवला, आणि पन्नास वर्षें ऐकून ऐकून लोकांस तो क्षणच मूळ चीज वाटूं लागला. जुन्या तव्यांचें तर विचारूंच नये. तव्याच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें. बालगंधर्वांचें जें पद नाट्यगृहांत ‘वन्समोअर’च्या गजरांत कितीतरी वेळ चाले, तें त्या तीन मिनिटांत कोंबलेलें. तें ऐकून शिकणारा त्या कोंबण्याचीहि नक्कल करतो! शिवाय गंधर्व नाटक मंडळींत तबल्यास अहमदजान थिरकवा आणि सारंगीस कादरबक्ष होते. असे साथीदार पाठीशीं असतां गायकानें कोठेंहि उडी घ्यावी, खालीं झेलणारे हात आहेतच. घुग्घुसच्या गुरुजींस आठवड्यांतून दोनतीनच रात्री रिकाम्या मिळत, आणि त्यांच्यापाशीं तबला एकच. गायक काळी एकमध्यें गाणार, झरीनेचें काम करणारी मुलगी काळी पांचमध्यें. दोघांस एक तबला कसा पुरावा? दुसरा तबला कोणाकडून तरी मागून आणला, तो पावसाळी हवेंत सारखा उतरे, आणि गुरुजी हातोडी घेऊन ठोकीत बसत. अशा बारीक गोष्टींवर प्रयोग तरतो किंवा बुडतो. त्या कोणी लिहून ठेवीत नाहीं.

मोठ्यांनीं हा प्रश्न कसा सोडविला? मानापमानांतील धैर्यधराचीं पदें केशवराव भोसले गात, तींच दीनानाथ मंगेशकर गात. आणि दीनानाथांनीं तीं सर्वस्वीं आपल्या ढंगानें गाइलीं. कोणी त्यांस चोर म्हटलें नाहीं. २०१० सालीं ‘कट्यार’ पुन्हां रंगभूमीवर आलें तेव्हां खांसाहेबांची भूमिका वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीं केली. आजोबा १९८३ सालीं वारले त्या वेळीं नातू चार वर्षांचाहि पुरता झाला नव्हता. म्हणजे समोर बसून शिकण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांसहि ध्वनिमुद्रणांतूनच आजोबा गांठावे लागले. पण त्यांनीं त्याआधीं इतरांपाशीं गाणें शिकून घेतलें होतें, आणि घुग्घुसच्या तरुणांत व त्यांच्यांत नेमका हाच फरक. गळ्यापेक्षां हा फरक मोठा.

पाश्चात्यांकडे उलट प्रकार दिसतो. तेथें १९७० च्या सुमारास रॉक संगीताच्या कांहीं वृंदांनीं वीस-वीस मिनिटांच्या, क्षणोक्षणीं ताल बदलणाऱ्या रचना केल्या. ‘जेनेसिस’ हा त्यांतला एक इंग्रजी वृंद. कॅनडांतील माँट्रियलच्या ‘द म्युझिकल बॉक्स’ या मंडळीनें त्याचे जुने प्रयोग वेषभूषा, मुखवटे आणि दिव्यांसह जसेच्या तसे उभे करण्याचें व्रत घेतलें. तेथें एक स्वर इकडचा तिकडे झाला तर ती चूक. कारण त्या रचनेंत न बांधलेला भाग थोडा. त्यांची मेहनत आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु आमच्या मुलांनीं तें माप येथें लावूं नये.

जिल्ह्याच्या पूर्वेस, धानाच्या मुलखांत, झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या दिवाळीनंतर रात्रभर प्रयोग करतात आणि गाणें रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. समोरचा शेतकरी पहांटेपर्यंत बसतो. त्यास रेकॉर्डशीं तुलना करण्याची संवय नाहीं. वडसा या केंद्रापासून घुग्घुस फार दूर नाहीं, पण येथला श्रोता वेगळा. त्याच्या खिशांत मोबाइल, आणि मोबाइलांत वसंतराव.

गणेशोत्सवांत आम्ही मुद्दाम पुन्हां गेलों. प्रयोगाच्या रात्रीं पाऊस नव्हता. तरुणानें दाढी चिकटवली होती, अंगांत भरजरी अंगरखा होता. ‘घेई छंद’ सुरू झालें. ती जीवघेणी तान आली, तेथें त्यानें ती घेतलीच नाहीं. गुरुजींकडे पाहिलें, एका लहान हरकतीनें मुखडा उचलला आणि समेवर अचूक आला. गुरुजींनीं मान हलवली. ती हरकत साधीच होती. आम्हांस मात्र चारहि रात्रींत ऐकलेल्या सर्व तानांपेक्षां ती अधिक आवडली. आमच्या पुढच्या रांगेंतील एक गृहस्थ मागें वळून म्हणाले, “रेकॉर्डसारखं नाहीं झालं हो.” आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्यांचें म्हणणें खरेंच होतें.

पडदा पडल्यावर आंत गेलों तों तरुण घाईघाईनें दाढी ओढून काढीत होता. डिंकानें गाल लाल झाला होता. त्यास रात्रपाळी होती. सायकल बाहेर काढतां काढतां तो ओरडला, “गुरुजी, रविवारीं धानीवालं घेऊं. मीं तें रेकॉर्डवर अजून ऐकलं नाहीं. आधीं तुम्हीच शिकवा.”

गुरुजी तबल्यांस गवसणी घालीत होते. मागून आणलेला तबला दुसऱ्या दिवशीं परत करावयाचा होता.